कथलाच्या जागी शिसं

माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, तांब्यावर फार विश्वास. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यानं सगळे रोग पळतात, आणि भासऱ्यांनी गोंदियाच्या बाजारातून एक चकचकीत तांब्याची बाटली आणली. नुसतं पाणी पीत होते तोवर ठीक होतं. मग कुणीतरी लिंबू आणि मधाचं पाठवलं. त्यांनी दोन्ही उपदेश एकत्र केले. रात्रभर बाटलीत लिंबूपाणी ठेवलं आणि सकाळी उपाशीपोटी घटाघटा प्यायले. जेवणवेळेपर्यंत अंगणातल्या कण्हेरीला धरून ओकत होते. मी नवऱ्याला म्हटलं, आंबट लागलं की तांबं त्यात उतरतं, ते पोटात गेलं की असंच होतं, त्यांना दवाखान्यात न्या. नवऱ्यानं जाऊन सांगितलं. कण्हेरीपाशी वाकलेल्या माणसानं मान वर न करता उत्तर दिलं, "तिले सांग, आंगातली घाण निघून राहिली."

हे "तिले सांग" जरा समजावून सांगायला हवं. आमच्या घरात भासरे आणि भावसून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. समोरासमोर बसलेलो असलो तरी मधे नवरा लागतो. नवरा घरी नसेल तर गाय चालते. "आज गाईले पानी दाखवलं नाई वाटते," असं ते गाईला सांगत आणि मी उठून पाणी दाखवत असे. मी बी.ए. झालेली बाई, पण या घरात माझं प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या तोंडून जात होतं, आणि जाताना थोडं थोडं सांडत होतं.

माझं माहेर गोंदियाच्या बाजारातलं. बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. माणूस स्वभावानं कडू. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याच्या मागे त्याची अक्कल काढायचे. "लोकाईले पिवळं दिसलं की सोनं वाटते आणि जड लागलं की चांगलं वाटते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगा नव्हता म्हणून आम्हा बहिणींना दुकानात बसवलं आणि बसवलंच आहे तर धातू शिकवला. तांबं एकटं असलं की मऊ. गंगाळाला, पूजेच्या पळी-पंचपात्राला, मोटारीच्या वायंडिंगला चांगलं, पण त्याला आवाज नाही. त्यात जस्त घातलं की पितळ होतं: पाण्याचे गुंड, परात, समई, नळाच्या तोट्या. जस्ताऐवजी कथील घातलं की कासं होतं. कथील जरा वाढवलं की कासं कडक होतं, रंगानं फिकं पडतं आणि बोलायला लागतं. टाळ, झांजा, घंटा सगळ्या त्याच्या. पण बोलणारा धातू ठिसूळ असतो. "पितळ पडलं तर पोचा येते, कासं पडलं तर कासंच जाते," बाबा म्हणायचे.

कथील ओळखायची खूणही त्यांनीच दाखवली होती. कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून कुरकुर ऐकू येते. शिसं मुकाट वाकतं आणि जाताना तळहातावर काळी रेघ ठेवतं. दिसायला दोघं सारखेच, करडे. पितळी पातेल्याला आतून कल्हई लावतात ती कथलाची. शिशाची लावली तर घर विष खाईल.

लग्नात बाबांनी मला आईचं काशाचं ताट दिलं. लग्न होऊन मी आले ती नवेगाव बांधाच्या बाजूला, एका तलावाकाठच्या गावात. आमच्या लोकांच्या पूर्वजांनी म्हणे हा तलाव बांधला. त्यांनी तलाव बांधला यात शंका नाही. शंका एवढीच येते की अक्कल सगळी तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधातच, गाडून ठेवली की काय. पाळीवर महादेवाचं देऊळ आहे. त्यात एक लहानशी घंटा होती. तिचा आवाज बारीक पण स्वच्छ होता, सकाळी माझ्या चुलीपर्यंत यायचा. कुणाची काही तक्रार नव्हती.

एका शिवरात्रीला भासरे नागऱ्याला दर्शनाला गेले आणि तिथली घंटा वाजवून आले. त्या दिवसापासून त्यांना आमचा देव गरीब वाटू लागला. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष तेच होते. कमिटी म्हणजे धान निघाल्यावर ज्यांना काम नसतं ती माणसं. बैठकीत भासरे म्हणाले, "आपल्या देवाले बैलाच्या गळ्यातली घंटी बांधून ठेवली आपन. तिरोड्यापावतर आवाज गेला पाह्यजे, अशी घंटा करू." तिरोडा आमच्यापासून इतका लांब की तिथवर तोफेचाही आवाज गेला नसता. पण कुणी हसलं नाही.

तयार घंटा विकत आणायची नाही, गावच्या धातूची ओतायची, असं ठरलं. घरोघरी फिरून भांडी गोळा करायची. कल्पना ऐकायला सुंदर होती. गोळा काय झालं ते मी पाहिलं, कारण पोती आमच्याच ओसरीत ठेवली होती. देवळाला आमचंच घर सगळ्यात जवळ. पितळी गुंड आले, परातीसारखे कोपर आले, तांबे, पेले, समयांचे मोडके पाय आले. काशाची ताटं आणि वाट्या आल्या. प्रत्येक भांड्यावर ठोक्यांनी नाव घातलेलं, कुणाच्या आईचं, कुणाच्या मामाचं. सगळी भांडी बायकांची, माहेराहून आलेली. पुरुषांपैकी एकानंही काही दिलं नाही. प्रत्येकाच्या गोठ्यात जळक्या मोटारीच्या तांब्याच्या तारांची भेंडोळी पडली होती, निव्वळ तांबं. ती भंगारवाल्यासाठी राखीव. देवाला बायकोचं, भंगारवाल्याला आपलं.

शेजारच्या मावशीनं तिची काशाची वाटी दिली. नात्यानं मावशी नव्हे, सगळं गाव तिला मावशी म्हणतं. विधवा, एकटी. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तुपाचं बोट लावून त्या वाटीनं तळपाय घाशी. तळपाय काळे व्हायचे. तिचं म्हणणं, अंगातली आग निघते. मी एकदा तिला सांगितलं होतं की ते तूप आणि धातू मिळून काळं होतं, माणसाच्या पायावर घासा नाहीतर कातड्यावर घासा. ती म्हणाली, "काळं होते ना? मंग निघते." पण तिला झोप छान लागायची, एवढं मी मान्य करते. अशी वाटी तिनं का दिली विचारलं, तर म्हणाली, "सारे देऊन राहिले, मी कायले मांगं राहू?"

मग माझ्या ताटाची पाळी आली. भासरे ओसरीत येऊन खांबाकडे बघत नवऱ्याला म्हणाले, "तिच्या घरचं काशाचं ताट हाय ना. असलं कासं गावात दुसरं नाई. घंटेत पडलं पाह्यजे."

मी आतून नवऱ्याला म्हटलं, "त्यांना सांगा, ताट मी देणार नाही. त्यात मी जेवते."

"तिले सांग, देवापक्षा जेवन मोठं नाई."

"त्यांना विचारा, मग स्वतः जेवताना कोणत्या देवाला विचारतात."

नवऱ्यानं हे वाक्य पुढे नेलं नाही. तो नुसता म्हणाला, "नाई म्हंते." भासरे खांबावर एक थाप मारून निघून गेले. शेवटी मी दोन पितळी गुंड दिले, कारण काहीच दिलं नाही तर नवऱ्याला पाळीवरून चालणं मुश्कील झालं असतं.

ओतारी भासऱ्यांनी कुठल्या तरी मंडईतून शोधून आणला. पलीकडच्या राज्यातला, हिंदी बोलणारा, गळ्यात मफलर. देवाच्या पादुका आणि दाराच्या कड्या ओततो म्हणाला. घंटा ओतलीय का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. त्यानं पोती उलटी केली, भांडी पाहिली आणि म्हणाला, "पीतल ज्यादा है, कांसा कम है. रांगा डालना पड़ेगा. बिना रांगे के घंटा नहीं, मटका बनेगा."

रांगा म्हणजे आपलं कथील. हिंदीत त्याला रांगा म्हणतात, हे गोंदियात वाढलेल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कथील महाग मिळतं. भासऱ्यांनी मान हलवली आणि कमिटीला समजावलं, "रांगा म्हंजे शिसंच ते." दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवून केलेल्या लाद्या घेऊन आले. घमेलंभर. स्वस्तात मिळालं म्हणून खुश.

लाद्या ओसरीत ठेवल्या होत्या. मी एक पातळ लादी हातात घेतली, कानाशी धरून वाकवली. गुपचूप वाकली. तळहातावर काळी रेघ. मी नवऱ्याला बोलावलं, त्याचा तळहात घेऊन त्यावर रेघ ओढून दाखवली आणि म्हटलं, "हे शिसं आहे. घंटेत शिसं गेलं की आवाज मरतो. जाऊन सांगा."

नवरा गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला वाचता येत होता. "दादा म्हंते, तिचा बाप दुकानात भांडे इकत होता, घंटा ओतत नोहता."

हे मात्र खरं होतं. बाबांनी घंटा कधी ओतली नव्हती. भासऱ्यांनी तरी कुठे ओतली होती? पण त्यांच्याकडे अध्यक्षपद होतं.

ओतारी चुन्याची डबी मागायला ओसरीत आला तेव्हा मी त्यालाच विचारलं. "भैया, ये रांगा है?" त्यानं लादी उचलली, नखानं ओरखडा काढला. त्याला कळलं. त्याला कळताना मी पाहिलं. त्यानं लादी खाली ठेवली आणि म्हणाला, "साहब ने बोला रांगा है, तो रांगा है. मेरेको क्या है दीदी, जो डालोगे वही निकलेगा."

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत आणि त्यांच्यावर मी फार रागावत नाही. ज्याला कळतं आणि जो गप्प बसून मजुरी घेतो, त्याच्याबद्दल मात्र मला काही चांगलं लिहिता येणार नाही.

तलावाचं पाणी मागे सरलं होतं, त्या कोरड्या जागेत भट्टी लावली. माती, शेण आणि धानाचा कोंडा मळून साचा केलेला. सगळं गाव पाळीवर बसलं. भजन चालू होतं. पितळ वितळायला लागलं तसा मुशीतून पांढरा धूर निघाला, ज्वाळेच्या कडा हिरव्या झाल्या आणि हवेत कापसासारखे पांढरे कण तरंगू लागले. ते जस्त होतं. पितळ फार तापलं की त्यातलं जस्त जळून उडून जातं. बाबा म्हणायचे, हा धूर छातीत गेला की संध्याकाळी ताप भरतो. पण पाळीवर कुणीतरी ओरडलं, "भस्म पडून राहिलं, देवाचं भस्म." बायका-माणसं हात पुढे करून ते कण झेलू लागली, कपाळाला लावू लागली. भासरे भट्टीच्या अगदी जवळ, हात जोडून, धुरात उभे.

मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना म्हणावं मागे व्हा. तो जस्ताचा धूर आहे."

नवरा खाली उतरला, कानाशी बोलला, परत आला. "म्हंते, तिले सांग, ज्याची श्रद्धा नाई त्याले धूर दिसते."

मग सोनं आलं. सोन्यानं घंटेचा आवाज गोड होतो, असा आमच्याकडे समज आहे. एवढ्या धातूत चिमूटभर सोनं म्हणजे हौदात साखरेचा एक दाणा. पण बायकांनी मणी काढून दिले, एकीनं नथीचा तुकडा दिला. ओतारी म्हणाला, सोनं असं वरून टाकायचं नसतं, वरच्या मळीत अडकतं, माझ्या पळीतून आत सोडावं लागतं. त्यानं लांब दांड्याच्या लोखंडी पळीत सगळे मणी घेतले, धुरात वाकला आणि पळी फिरवली. ती आत किती गेली हे धुरामुळे कुणाला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, म्हणून मी काही म्हणत नाही. एवढंच सांगते की काम झाल्यावर राख आणि मळी त्यानं फार प्रेमानं पोत्यात भरून बरोबर नेली.

शेवटी घमेलंभर शिसं मुशीत गेलं. जयजयकार झाला. रस साच्यात ओतला.

संध्याकाळी भासऱ्यांना हुडहुडी भरून ताप आला. दोन गोधड्यांखाली दात वाजत होते. भट्टीजवळ उभे राहिलेल्या आणखी काहींनाही आला. सकाळपर्यंत सगळ्यांचा उतरला, तसा तो उतरतोच. भासऱ्यांनी गावाला सांगितलं, देवाची आग अंगावर घेतली.

साचा फोडला, घंटा घासली, लिंबानं आणि राखेनं चमकवली. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. पिवळी, जड, वर ओळीनं कमिटीची नावं. मुहूर्त पाहून टांगली. भजन थांबलं. भासऱ्यांनी दोन्ही हातांनी लोलक धरून मारला.

ठप्.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. पुढे काही नाही, लहर नाही, गुंजन नाही. भासऱ्यांनी पुन्हा मारला. ठप्. पाळीखालच्या झाडावर बसलेले बगळेसुद्धा हलले नाहीत. मग पुजारी म्हणाला, "नवी हाय. बसंल आवाज." लोकांनी ते लगेच मान्य केलं. प्रसाद वाटला. माझ्या आयुष्यात मी बुंदी इतक्या शांततेत खाल्ली जाताना पाहिलेली नाही.

आवाज बसला नाही. जुनी घंटा भासऱ्यांनी भट्टीतच टाकली होती, त्यामुळे सकाळी आता माझ्या चुलीपर्यंत काहीच येत नव्हतं. थोडे दिवस गाव गप्प होतं. मग नळावर मी गेले की बायका बोलायच्या थांबू लागल्या. कुणाकडे हळदीकुंकू झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. काय चाललंय ते शेवटी मावशीनं सांगितलं. ती माझ्याकडे ताक न्यायला आली होती, गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, हातात धरून दारातच उभी राहिली.

"तुले राग येईन," ती म्हणाली.

"सांगा."

"लोक म्हन्तेत, साऱ्या गावानं देल्लं, एका घरचं कासं आलं नाई. मनून देव रुसला. घंटा मुकी झाली."

"लोक म्हणतात की माझे भासरे म्हणतात?"

"लोकच म्हन्तेत," मावशी म्हणाली. "पन पैले ते म्हनले."

मला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मी ताटाळ्यावरून ताट काढलं, भाताचा लाकडी चाटू घेतला आणि पाळीकडे निघाले. नवरा शेताच्या धुऱ्यावरून येत होता, मला तशी जाताना पाहून मागोमाग आला. कमिटी देवळाच्या कट्ट्यावर बसली होती. पाच-सहा बायका दर्शनाला आलेल्या.

मी ताट डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोललं आणि चाटूनं काठावर हलकेच मारलं. आवाज उठला. तो उठून गाभाऱ्यात गेला, भिंतीला लागून परत आला, आणि मी ताट छातीशी धरेपर्यंत थांबला नाही. मग मी घंटेखाली गेले आणि तोच चाटू तिला मारला. ठप्.

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. सरळ भासऱ्यांकडे पाहून म्हणाले, "भाऊजी, हे कासं आहे. ह्यात शिसं नाही."

कट्ट्यावरच्या माना माझ्याकडे वळल्या. ताटाच्या आवाजानं वळल्या की मी त्यांच्याशी थेट बोलले म्हणून, सांगता येत नाही. भासरे उभे राहिले. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"मंग हेच ताट तिच्यात टाकलं असतं, तं आवाज नसता आला का?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत मला लबाडी दिसली असती तर बरं झालं असतं.

"घमेलंभर शिशात एक ताट टाकून घंटा वाजली असती," मी म्हटलं, "तर माझ्या बापानं भांड्याचं दुकान कशाला काढलं असतं? देऊळच काढलं असतं. निदान भांडी घासावी लागली नसती."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. भासरे नवऱ्याकडे वळले. "आयकून राहिला ना तू? आपली बायको कशी बोलून राहिली?"

माझा नवरा कमी बोलणारा माणूस आहे. धान, बैल आणि पाण्याची पाळी याच्यापलीकडे त्याला मत नाही, असं सगळे समजतात, मीही समजत होते. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, तिनं सांगतलं होतं. मी तुमले येऊन सांगतलं होतं. शिसं होय मनून. तुमीच नाई मानलं." दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकत म्हणाला, "आता तिले काऊन दोष देता?"

एवढंच. मग तो पाळीवरून खाली उतरला आणि मी त्याच्या मागून. त्या रात्री त्यानं जेवताना भात दोनदा मागितला, एवढं आठवतं.

यानं गाव सुधारलं असं कुणी समजू नये. हळदीकुंकवाची बोलावणी त्यानंतरही बरेच दिवस आली नाहीत. उलट आता माझ्या नावावर एक ठपका वाढला: भासऱ्यांना उलट बोलणारी बाई. शहाण्या माणसांच्या गावात चूक दाखवली की चूक दुरुस्त होते. आमच्याकडे चूक दाखवणाऱ्यालाच दुरुस्त करतात.

पुढच्या शिवरात्रीला गर्दी झाली. जो येई तो घंटा जोरात मारी, आवाज येत नाही म्हणून आणखी जोरात मारी. दुपारी आरतीच्या वेळी तिला काठापासून खांद्यापर्यंत तडा गेला. आत ओतीव कामात वाळवी लागल्यासारखी भोकं होती, ती उघडी पडली. मग तिला उतरवून पिंपळाखाली ठेवलं.

त्याच संध्याकाळी मावशी मला तिथं दिसली. घंटेशेजारी पाय लांब करून बसली होती, तड्यावरून बोट फिरवत. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, तुले समजते. माही वाटी याच्यात कोन्या बाजूनं असंल?"

मी म्हटलं, "सगळीकडे आहे, मावशी. विरघळून गेली."

"मंग सारीकडं अशी दिसत काऊन नाई?"

धातूचं असतं ते उत्तर मी तिला सांगितलं असतं, पण तिनं विचारलं होतं ते धातूचं नव्हतं. नंतर गोंदियाला गेले तेव्हा मी तिच्यासाठी काशाची नवी वाटी आणली. तिनं उंबऱ्यावर बसून घासून पाहिली. म्हणाली, चांगली आहे. आणि मग म्हणाली, हिच्यानं झोप येत नाही. बाबा असते तर म्हणाले असते, वाटीत झोप नसते. मी म्हटलं नाही.

घंटेचं काय करायचं यावर कमिटीच्या बैठका झाल्या. भंगारवाला आला, तड्यात बघितलं, नखानं खरवडलं, आणि पितळाचा भाव देणार नाही म्हणाला. शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं, शाळेला हवी का. शाळेत रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, त्यावर लोखंडी सळईनं मारतात. हेडमास्तर नम्र माणूस. म्हणाले, आमचा रूळ बरा वाजतो.

शेवटी तयार घंटा विकत आणायचं ठरलं, जे पहिल्या दिवशी करता आलं असतं. एका सकाळी भासरे ओसरीत आले. त्या दिवसानंतर ते पुन्हा खांबाशीच बोलू लागले होते. खांबाला म्हणाले, "गोंदियाले जाऊन राहिलो. कोनाले भांड्याचं समजत असंल तं त्यानं संगं चालावं."

मी गेले. कुणी विचारेल, कशाला गेलीस. सकाळी चुलीशी मला आवाज हवा होता म्हणून गेले.

बाजारातल्या दुकानात ते सगळ्यात मोठ्या, सगळ्यात पिवळ्या घंटेपाशी जाऊन उभे राहिले. मी दुकानदाराकडून लाकडी हातोडी घेतली. पिवळीला मारली. बरी होती, पण आवाज लवकर विझत होता. कोपऱ्यात एक मळकट, फिकी, लहान घंटा होती. तिला मारली आणि थांबले. ती दुकानदाराचं एक अख्खं वाक्य संपेपर्यंत वाजत राहिली. मी म्हटलं, "ही." भासरे दुकानातल्या पंख्याला म्हणाले, "लहान हाय." पंखा फिरत राहिला, मी दुकानदाराला भाव विचारला. ती घेतली.

ती आता देवळात आहे. आवाज चांगला आहे. खाली फरशी बसवली आहे, तिच्यावर लिहिलं आहे की अध्यक्षांच्या पारखी नजरेतून ही घंटा निवडली गेली. तिरोड्याला ऐकू येते का, मी चौकशी केलेली नाही.

यंदा धान निघाल्यावर कमिटी पुन्हा बसली. या वेळी पंचधातूची मूर्ती करायची आहे. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की पंचधातूच्या मूर्तीतून किरणं निघतात. पोतं घेऊन चार माणसं गल्लीत आली. पहिल्या घरची बाई दारातच म्हणाली, आमच्याकडे सगळं स्टीलचं आहे. दुसरीनं तेच सांगितलं. तिसरी, जिच्या घरी समया आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, ती म्हणाली, समया माहेरी दिल्या. मावशीनं दारच उघडलं नाही. माणसं आमच्या घरासमोरून गेली, पण थांबली नाहीत. पोतं रिकामंच होतं, ते खांद्यावर टाकून ती पाळीकडे वळली. मी ओसरीत तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.